पंधरावी मेणबत्ती

त्या पावसाळ्यात आजोबांचा उजवा खांदा धरला नसता, तर मी चर्चमध्ये गेलोच नसतो. २००७ सालचा सप्टेंबर चालू होता. आई जाऊन दोन महिने झाले होते. मी बारावीला होतो आणि देवाशी बोलणं टाकलं होतं. भांडण वगैरे काही झालं नव्हतं. भांडायला समोर कुणीतरी लागतं.

आमचं गाव वसईतलं. केळीच्या आणि फुलांच्या वाड्या, मधूनमधून बावखलं, म्हणजे छोटी तळी, आणि पहाटेच्या लोकलनं दादरच्या बाजारात जाणारी मोगऱ्याची गाठोडी. आजोबांचीही मोगऱ्याची वाडी होती, पण त्यांना विचारलं असतं तर त्यांनी आपलं काम दिवा सांभाळण्याचं आहे असंच सांगितलं असतं. कॅथलिक चर्चमध्ये मिस्सात पवित्र केलेली भाकर एका छोट्या कपाटवजा मंजूषेत ठेवतात आणि तिच्याजवळ एक दिवा रात्रंदिवस तेवत असतो. धनी घरात आहे, एवढंच तो सांगतो. वर्षातून एकदाच तो विझतो: पवित्र गुरुवारच्या रात्री मंजूषा रिकामी होते तेव्हा. मग शनिवारच्या रात्री पास्काविधीनंतर पुन्हा लागतो. आमच्याकडे तो लाल काचेत, वेदीसमोर छतापासून साखळीनं टांगलेला. साखळीला दोरी, दोरी कप्पीवरून भिंतीतल्या खुंटीपर्यंत. रोज संध्याकाळी दोरी सैल करून दिवा खाली घ्यायचा, काजळी पुसायची, तेल घालायचं आणि पुन्हा वर चढवायचा. गावातल्या एका सुखवस्तू माणसानं मध्यंतरी विजेचा लाल बल्ब देऊ केला होता. आजोबा म्हणाले, "बल्बला तेल लागत नाही. मग मी रोज यायचं कशाला?" फादर हसले आणि बल्ब परत गेला.

आईच्या दुखण्यात आम्ही करायचं ते सगळं केलं. माहीमला नऊ बुधवार केले. वांद्र्याला मोतमाऊलीच्या पायरीवर मेणाची बाई वाहिली. घरी रोज रात्री जमिनीवर गुडघे टेकून रोझरी, पन्नास नमो मरिया. जुलैत ती गेली. दफनानंतर चार दिवसांनी शेजारची एक मावशी माझ्या आजीला म्हणाली, "कुणाचा तरी विश्वास कमी पडला असणार गं घरात." मी ओट्यावर बसून ऐकलं. तिच्या मनात वाईट नव्हतं, हे आज कळतं. तिला कारण हवं होतं, आणि सगळ्यात जवळ सापडलं ते तिनं उचललं. पण सतरा वर्षांच्या पोराला असल्या वेळी एकच अर्थ लागतो: तो मीच.

त्याच दिवसांत वर्तमानपत्रात मदर तेरेसांच्या पत्रांची बातमी आली. त्यांना जाऊन ५ सप्टेंबरला १० वर्षं होत होती आणि त्यांनी आपल्या धर्मगुरूंना लिहिलेली खाजगी पत्रं पुस्तकरूपानं बाहेर येत होती. १० सप्टेंबर १९४६ला दार्जिलिंगला जाणाऱ्या आगगाडीत त्यांना गरिबांत जाऊन राहण्याची हाक ऐकू आली, हे आम्ही रविवारच्या धर्मशिक्षणात पाठ केलं होतं. त्यापुढचं कुणी सांगितलं नव्हतं. कोलकात्याच्या वस्त्यांत काम सुरू झालं आणि त्याच सुमाराला आतला उजेड गेला. १९५८मध्ये महिनाभर परत आल्यासारखा वाटला, तेवढाच. बाकी १९९७पर्यंत, मरेपर्यंत, जवळजवळ पन्नास वर्षं प्रार्थनेला बसायचं आणि समोर कुणी नसल्यासारखं वाटायचं. ही पत्रं जाळून टाका, असं त्यांनी विनवलं होतं. ज्यांच्याकडे ती होती त्यांनी ती जपून ठेवली.

मला त्या बातमीचा आनंद झाला. खोटं कशाला बोलू. एवढ्या मोठ्या बाईला जर कुणी दिसलं नाही, तर तिथं कुणी नाहीच, माझा हिशेब सरळ होता. पेपर घेऊन मी वाडीत गेलो. आजोबा मोगऱ्याच्या ओळींत तण काढत होते, एकाच हातानं. त्यांना लागावं म्हणूनच मी तो पुढे केला.

त्यांनी चष्मा लावून सगळी बातमी वाचली, मग पुन्हा पहिल्यापासून वाचली. पेपराची घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवली.

"माझा हात वर जात नाही आज," ते म्हणाले. "दोरी धरायला चल."

चर्चमध्ये कुणी नव्हतं. पावसाचं पाणी कौलांवरून मागच्या अंगणात पडत होतं. मी दोरी सोडली, जरा जोरातच, आणि दिवा दचकल्यासारखा दोन हात खाली आला. "हळू," ते म्हणाले. "तो उतरतो, पडत नाही." त्यांनी काच पुसली, जुनी वात काढली, खोबरेल ओतलं. मी दोरी ओढून दिवा वर नेला. खुंटीला दोन वेढे घातले. मग ते मला वेदीच्या मागे घेऊन गेले.

आमची वेदी जुन्या पद्धतीची, लाकडी. समोरून सोनेरी नक्षी, संतांचे कोनाडे, देवदूतांचे गाल. मागे मात्र उघड्या फळ्या, खिळे, कोळिष्टकं आणि भिंत यांच्यामध्ये एक माणूस कसाबसा बसेल एवढी बोळ. आजोबा तिथं खाली बसले. मीही बसलो.

"इथं मी प्रभूला विझवलं होतं," ते म्हणाले. "अकरा वर्षांचा असताना."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी त्यांच्याकडून पुढे बऱ्याचदा ऐकलं. तपशील कधी कमीजास्त झाले, गोष्ट बदलली नाही.

१९५५ साल. तेव्हा सगळे विधी लॅटिनमध्ये चालत. पवित्र आठवड्यातल्या बुधवारी संध्याकाळी एक लांबलचक प्रार्थना असे. तिचं नाव तेनेब्रे, म्हणजे अंधार. गावात अजून वीज आली नव्हती. वेदीजवळ लाकडाची त्रिकोणी घोडी उभी करत आणि तिच्यावर पंधरा मेणबत्त्या लावत, पांढऱ्या नव्हे, कच्च्या मेणाच्या पिवळट. दोन्ही उतरत्या बाजूंना सात सात आणि टोकावर एक. शेजारच्या गावांतले फादर जमत आणि स्तोत्रं म्हणत. एक स्तोत्र संपलं की लांब काठीला लावलेल्या टोपणानं एक मेणबत्ती विझवायची. मध्ये यिर्मयाचे विलाप गायले जात, आणि त्यातल्या प्रत्येक कडव्याआधी एकेक हिब्रू अक्षर सुरात म्हणत: आलेफ, बेथ, गिमेल. आजोबा आणि त्यांच्याबरोबरचे वेदीसेवक समजत की ही येशूच्या काळातल्या माणसांची नावं आहेत आणि हजेरी चालू आहे.

चौदा स्तोत्रं, चौदा मेणबत्त्या. अकरा शिष्य आणि तीन मरिया मिळून चौदा, असं मोठी माणसं समजावत. एकेक करून सगळे गेले. शेवटी वेदीवरचेही दिवे विझवत आणि चर्चमध्ये टोकावरची ती एकच उरे. ती येशूची. ती विझवायची नसते. ती घोडीवरून काढून, तशीच जळती, वेदीच्या मागे नेऊन लपवायची. पुढे चर्चभर अंधार, त्या अंधारात एक स्तोत्र, आणि मग गडगडाट: माणसं पुस्तकं आपटत, बाकांवर, फळ्यांवर, जमिनीवर हात आपटत. प्रभू मेला तेव्हा धरणी हादरली, तो हा आवाज. लपवलेली मेणबत्ती पुन्हा बाहेर येईपर्यंत आवाज थांबवायचा नाही. ती आली की सगळ्यांनी गप्प व्हायचं आणि काही न बोलता घरी जायचं.

पोरांचा सगळा जीव त्या गडगडाटात. वर्षभर चर्चमध्ये हूं की चूं करायची सोय नाही, आणि या एका रात्री फादरच सांगतात, आपटा. पोरं घरून करवंट्या आणत, एकीवर एक आपटायला. आणि त्या वर्षी नेमकी आजोबांची निवड मेणबत्ती लपवण्यासाठी झाली. सगळ्यात मोठा मान. म्हणजे सगळं गाव आवाज करणार आणि यांनी बोळीत गुपचूप बसून राहायचं.

"मग मी काय केलं असेल?" आजोबांनी मला विचारलं.

"करवंट्या नेल्या."

"झग्याच्या आत. दोन्ही खिशांत एकेक."

बोळीत ते मेणबत्ती धरून बसले. फळ्यांच्या फटींतून पलीकडे नुसता काळोख दिसत होता. त्यांच्या हातात उजेड होता आणि तो आहे हे बाहेर कुणालाच दिसत नव्हतं. आजोबा म्हणत, हे त्यांना फार आवडलं होतं. आपल्यालाच ठाऊक आहे, लोकांना नाही. मग गडगडाट सुरू झाला. वेदी थरथरायला लागली, मागच्या फळ्यांतून धूळ पडली. पोराच्यानं राहवेना. त्यानं मेणबत्ती एका आडव्या फळीवर टेकवली, खिशातून करवंट्या काढल्या आणि हाणली एकीवर एक.

तिसऱ्या का चौथ्या फटक्याला मेणबत्ती कलंडली आणि विझली.

बाहेर लोक आपटत होते. त्यांना काय माहीत. उजेड येईपर्यंत थांबायचं नाही, एवढंच त्यांना ठाऊक. ते आपटत राहिले. नेहमी मिनिटभर चालणारा आवाज लांबला, खूप लांबला. हात दुखले असतील, कुणाचं पुस्तक फाटलं असेल. हळूहळू एकेकजण थांबला. शेवटी कुठल्यातरी कोपऱ्यात एकच करवंटी वाजत होती, तीही थांबली. आणि मग सगळं गाव अंधारात गप्प बसून राहिलं. एक तान्हं मूल रडायला लागलं, त्याच्या आईनं त्याला पदराखाली घेतलं. फादरांनी घसा खाकरला.

आजोबा बोळीत चाचपडत होते. मेणबत्ती सापडली, पण काडेपेटी कुठली असायला. मागच्या दारानं पळून जावं, बावखलाच्या काठानं घर गाठावं, असं मनात आलं. पण पाय उचलेनात. "माणसं वाट बघत होती रे," ते मला म्हणाले. "नुसती वाट बघत असती तर मी पळालो असतो. त्यांना वाटत होतं की उजेड माझ्याकडे आहे."

इथं आमच्या गावातले लोक ही गोष्ट सांगताना थोडी गोड करतात. एका फादरांनी प्रवचनात सांगितली तेव्हा मुलानं प्रार्थना केली, रडला, आणि अंधारात त्याला एक आवाज ऐकू आला, असं काहीसं जोडलं होतं. आजोबा पहिल्या रांगेत बसले होते. घरी येऊन म्हणाले, "मला कसला आवाज आला नाही. विडीचा वास आला."

चर्चची घंटा वाजवणारा, दारं उघडणारा, दिवे पाहणारा एक म्हातारा होता. पोरं त्याला घंटावाले बाबा म्हणत. तो भिंत चाचपत बोळीत आला होता. दिवा न घेता. चाळीस वर्षं त्या चर्चमध्ये वावरलेला, त्याला प्रत्येक खिळा पाठ. त्याचा हात आधी पोराच्या डोक्यावर आला, मग खांद्यावरून मनगटावर, मग हातातल्या करवंटीवर.

"ती खिशात घाल," तो म्हणाला.

पोरानं घातली.

"मेणबत्ती घे. चल."

दोघं बोळीतून बाहेर आले आणि बाजूच्या भिंतीशी, खुंटीजवळ जाऊन उभे राहिले. म्हातारा म्हणाला, "वर बघ." आजोबांनी वर पाहिलं. वेदीसमोर, लोकांच्या डोक्यांच्या कितीतरी वर, तो लाल दिवा होता. मंजूषेचा. बुधवारी तो विझवत नाहीत. स्तोत्रांच्या दोन तासांत तो तिथंच होता, अंधारातही तिथंच होता, पण त्यानं चर्चमध्ये काहीच दिसत नसे. कुणाचा चेहरा नाही, पुस्तकातली ओळ नाही. लाल काचेत मिणमिणणारी वात. तिला कुणी उजेड म्हणतच नव्हतं.

"आम्ही सगळी पोरं बोटांवर मोजत होतो," आजोबा म्हणाले. "एक विझली, दोन विझल्या, आता इतक्या उरल्या. पंधराच्या वर कुणी गेलंच नाही."

म्हाताऱ्यानं दोरी सोडली. कप्पी कुरकुरली. गच्च काळोखात बसलेल्या माणसांना एक लाल ठिपका छतापासून हळूहळू खाली येताना दिसला. बायकांनी क्रूसाची खूण केली. दिवा पोराच्या छातीपर्यंत आला. म्हाताऱ्यानं काच उचलली, पोरानं मेणबत्तीची वात ज्योतीला लावली. हात इतका कापत होता की दोनदा चुकली. तिसऱ्यांदा पेटली. म्हाताऱ्यानं दिवा वर चढवला आणि पोराला हलकेच पुढे ढकललं.

तो मेणबत्ती घेऊन वेदीसमोर आला. फादर उठले. लोक उठले आणि एक शब्द न बोलता, जसं बाहेर पडायचं असतं तसे बाहेर पडले. दुसऱ्या दिवशी बऱ्याचजणांना वाटत होतं की फादरांनी यंदा नवीन काहीतरी बसवलं आणि ते फार छान झालं.

घंटावाले बाबा त्याबद्दल पुढे कधीच बोलले नाहीत. ना रागावले, ना समजूत घातली. करवंट्याही मागितल्या नाहीत.

पण गोष्ट इथं संपत नाही, कारण पोराच्या डोक्यात ती संपली नव्हती. त्याच वर्षी नोव्हेंबरात पोप पायस बारावे यांनी पवित्र आठवड्याचे विधी बदलले. १९५६च्या बुधवारी संध्याकाळी आमच्या चर्चमध्ये तेनेब्रे झालंच नाही. ती त्रिकोणी घोडी माळ्यावर गेली. बारा वर्षांच्या पोराला यात शंका घेण्यासारखं काही वाटलं नाही: रोमला कळलं. आपल्यामुळे पोपनं अख्ख्या जगातलं तेनेब्रे बंद केलं.

त्याहून मोठा पुरावा शनिवारी मिळाला. तोवर आमच्याकडे पास्काविधी शनिवारी सकाळी होत असे. आज हे सांगितलं तर पोरं हसतात, पण खरं आहे. नवा अग्नी चेतवायचा, त्यावरून काठीच्या टोकावरच्या तीन मेणबत्त्या एकेक करून लावत 'ख्रिस्ताचा प्रकाश' म्हणत आत जायचं, हीच ती रात्र असं गाता गाता पास्काची मोठी मेणबत्ती लावायची, आणि हे सगळं चैत्राच्या लख्ख उन्हात. ज्योत कुठं आहे ते दिसायचंसुद्धा नाही. रात्री हा विधी करायची मुभा १९५१पासून होती, पण सक्ती आली ती या बदलानं. १९५६ला गावानं पहिल्यांदा तो रात्री पाहिला. चर्च अंधारात बुडवलं, अंगणात जाळ पेटवला, त्या जाळावरून पास्काची मेणबत्ती, तिच्यावरून एक, त्या एकीवरून दुसरी, असं करत शेवटच्या रांगेपर्यंत उजेड गेला. मोठी माणसं रडली. आजोबा भीतीनं थिजून उभे होते. त्यांच्या मते हा सरळसरळ दुरुस्तीचा विधी होता. यांनी विझवली, म्हणून आता सगळ्यांना मुळापासून पेटवावं लागतंय.

"कबुली कधी दिली?" मी विचारलं.

"चार वर्षांनी. फादर इतके हसले की बाहेर रांगेत ऐकू गेलं. प्रायश्चित्त म्हणून सांगितलं, घंटावाल्या बाबांना आता दोरी ओढवत नाही, तू जात जा." त्यांनी खांदा चोळला. "सोळा वर्षांचा होतो. तेव्हापासून जातोय."

बोळीत जवळजवळ अंधार झाला होता. मी विचारायचं नव्हतं ते विचारलं. "तुम्हाला प्रार्थनेला बसल्यावर काय वाटतं?"

"काही नाही."

"कधीपासून?"

त्यांनी आठवून पाहिलं. "मोठा मुलगा गेला तेव्हापासून. तुझ्या बापाच्या आधीचा. सात वर्षांचा होता."

मी हिशेब केला. पस्तीसेक वर्षं. रोज रात्री गुडघे टेकताना मी त्यांना पाहिलं होतं. आईच्या उशाशी तर त्यांचाच आवाज सगळ्यात मोठा असे.

"मग रोज येता कशाला?"

"तेल संपतं," ते म्हणाले.

खिशातून पेपराची घडी काढून त्यांनी माझ्या हातात दिली. "ही मावशीला वाचून दाखव. ओरडून नको. नीट वाचून दाखव."

मी नाही दाखवली. तेवढा शहाणा तेव्हा नव्हतो. पण दुसऱ्या दिवशी दोरी धरायला गेलो, आणि तिसऱ्या दिवशीही. खांदा बरा व्हायला दिवाळी उजाडली, तोवर ते माझंच काम झालं होतं.

त्या हिवाळ्यात आमच्या चर्चला आलेल्या तरुण फादरांपाशी मी हे सगळं काढलं. त्यांनी प्रवचन दिलं नाही. ते म्हणाले, अंधार अंधारात फरक असतो. भावाशी वैर धरणारा अंधारात चालतो, असं योहानाच्या पहिल्या पत्रात आहे, आणि त्या माणसाची गंमत अशी की आपण उजेडात आहोत अशी त्याची खात्री असते. वसईत विहिरीच्या पाण्यावरून आणि बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या न बोलणारी घरं आहेत. त्यांच्या दारावर नाताळात सगळ्यात मोठा तारा लागतो. हा एक अंधार. दुसरा, माणूस नुसता खचतो, झोपत नाही, जेवत नाही, तेव्हाचा. त्याला डॉक्टर लागतो, आणि तिथं विश्वासाचा विषय काढणं हा दुष्टपणा आहे. आणि तिसरा अंधार क्रूसभक्त योहानानं लिहून ठेवलेला. या स्पॅनिश संन्याशाला १५७७च्या डिसेंबरात त्याच्याच संघातल्या सुधारणाविरोधी बंधूंनी पकडून तोलेदोच्या मठात कोंडलं. खोली कसली, अडगळ. उंचावरच्या एका फटीतून दुपारी काय तो उजेड यायचा, तेव्हा बाकावर चढून तो प्रार्थना वाचायचा. तिथं त्यानं कविता रचल्या. नऊ महिन्यांनी पांघरुणाच्या पट्ट्या बांधून खिडकीतून उतरून पळाला. पुढे त्यानं आत्म्याच्या रात्रीवर लिहिलं आणि ती रात्र ओळखायच्या खुणाही दिल्या. देवाच्या गोष्टींत गोडी राहत नाही, पण दुसऱ्या कशातही राहत नाही. मन पूर्वीसारखं ध्यान करू शकत नाही. आणि माणसाला सारखी टोचणी लागलेली असते की आपण देवाकडे पाठ फिरवली. ज्यानं खरोखर पाठ फिरवली त्याला ती टोचणी नसते, असं योहानाचं म्हणणं.

"तुझी गोडी कशात आहे सध्या?" फादरांनी विचारलं.

मी म्हटलं, क्रिकेटमध्ये.

"मग तू अजून क्रूसभक्त योहान नाहीस," ते म्हणाले. "तुझी आई गेलीय. तू रागावलायस. रागाव, आणि दोरी धर."

२०१६च्या ४ सप्टेंबरला मदर तेरेसांना रोममध्ये संत म्हणून घोषित केलं. आजोबा अंथरुणाला खिळले होते. टीव्हीवर सोहळा चालू असताना त्यांनी मला जवळ बोलावून विचारलं, "ते अंधाराचं सांगितलं का रे?" मी म्हटलं, माहीत नाही, इटालियनमध्ये चाललंय. "सांगायला हवं," ते म्हणाले. त्याच हिवाळ्यात ते गेले.

दिवा माझ्याकडे आला. मी बँकेत लागलो, लग्न झालं, संध्याकाळी घरी जायच्या आधी चर्चमध्ये पाच मिनिटं. माझ्या आत काही लागलं की नाही, ते मला सांगता येणार नाही. कधीकधी वाटतं, पुष्कळदा वाटत नाही.

२०२०च्या मार्चात टाळेबंदी आली. चर्च लोकांना बंद झालं. मिस्सा मोबाइलवर पाहायचो. नाक्यावर पोलिस, म्हणून तेल फादर स्वतःच घालत होते. आता आलेले हे फादर वयस्क, गुडघ्यांनी अधू. ८ एप्रिलला, पवित्र आठवड्यातल्या बुधवारी, दुपारी त्यांचा फोन आला. दोरी कप्पीतून निसटून अडकली होती. दिवा वरच राहिला होता आणि तेल कालपासून घातलं नव्हतं.

"विझेल, फादर."

"विझला तर लावू. उद्या रात्री नियमानं विझणारच आहे. तू घाई करून पोलिसांशी वाद घालू नकोस."

वाड्यांमधल्या पायवाटेनं गेलो. मोगरा झाडांवरच सुकला होता. दादरचा बाजार बंद, तोडून करायचं काय. मागच्या दारानं आत शिरलो. एवढं रिकामं चर्च मी कधी पाहिलं नव्हतं. खिडक्या लावलेल्या, आत दुपारीही अंधारलेलं. वर पाहिलं. लाल काच काळी होती.

फादर पहिल्या बाकावर बसले होते, मंजूषेकडे तोंड करून, हातात रोझरी.

"विझलाय, फादर."

"तासाभरापूर्वीच," ते म्हणाले. "मेणबत्ती आणायला उठणार होतो, म्हटलं तू येतोयसच."

"आणि तुम्ही इथंच बसलात?"

त्यांनी माझ्याकडे जरा आश्चर्यानं पाहिलं. "मग कुठं जाऊ? मंजूषा इथं आहे."

मी शिडी लावली. कप्पीत साळुंकीनं काड्या भरल्या होत्या. त्या काढल्या, दोरी खोबणीत बसवली, खाली येऊन दिवा उतरवला. काच कोमट होती अजून. काजळी पुसली, नवी वात घातली, तेल ओतलं. फादरांनी झग्याच्या खिशातून काडेपेटी काढून दिली आणि पुन्हा मणी ओढायला लागले. पहिली काडी मोडली. दुसरी लागली.

वर चढताना दिवा थोडा हेलकावला. मी दोरी खुंटीला गुंडाळली, आजोबा घालायचे तसे दोन वेढे, आणि तेलाची बाटली घेऊन मागच्या दारानं बाहेर आलो.